तरीचा कागद, मासळीची आठवण: बंदरगावाचा इतिहास कसा जुळवायचा

कोकणातल्या कुठल्याही खाडीकाठच्या गावात जा, "आमचं बंदर पूर्वी लई मोठं होतं" हे वाक्य पहिल्या चहालाच ऐकायला मिळतं. मोठं म्हणजे किती, कधीपासून कधीपर्यंत आणि मग काय बिनसलं, एवढं विचारलं की मात्र सगळे एकमेकांकडे बघतात. उत्तरं गावातच असतात, फक्त ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवलेली असतात.

तर म्हणजे माणसं, गुरं खाडीपार नेणारी होडी. तरीचा दरवर्षी लिलाव व्हायचा. मक्तेदार सरकारात रक्कम भरायचा, दर ठरवून दिलेले असायचे, तक्रारी अर्जाने यायच्या. त्यामुळे तरीचा इतिहास कागदावर सापडतो. मासेमारीचा असा मक्ता सहसा नसायचा. ती कागदात डोकावते ती मिठाच्या, होडीच्या नोंदणीच्या किंवा सोसायटीच्या कर्जाच्या निमित्ताने. बाकी सगळं माणसांच्या डोक्यात आणि हातात. म्हणून तरीचा शोध दप्तरात घ्यायचा आणि मासेमारीचा धक्क्यावर. उलट केलंत तर सहा महिने फुकट जातात.

उदाहरणासाठी दाभोळ घेऊ. दापोली तालुका, वाशिष्ठीच्या खाडीचं तोंड, उत्तरेचा काठ. समोर गुहागर तालुक्यातलं धोपावे आणि तोंडावर अंजनवेलचा गोपाळगड. आत खाडीने गेलं की चिपळूणचं गोवळकोट. तरीची ये-जा, मासेमारी आणि लांबचा व्यापार, तिन्ही इथे एकाच काठावर नांदले. तुमचं गाव लहान असेल, पण पद्धत तीच.

आधी नावाचा गुंता सोडवा

एका वहीच्या पहिल्या पानावर गावाच्या नावाची सगळी रूपं लिहून काढा. पोर्तुगीज आणि इंग्रजी कागदांत दाभोळ "दाबुल" होतं. मुंबईत गिरगावच्या बाजूलाही दाबुल नावाची जुनी वस्ती होती, ती यात मिसळू देऊ नका. इंटरनेटवर "दाभोळ" टाकलं की पहिली कित्येक पानं एन्रॉनच्या वीजप्रकल्पाची येतात, आणि तो प्रकल्प खाडीपलीकडे, अंजनवेल-वेलदूरच्या अंगाला आहे. शोधताना सोबत "बंदर", "खाडी", "वाशिष्ठी" असे शब्द जोडा.

मग जिल्हा. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटिअरमध्ये (जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात) आजचा सिंधुदुर्गही येतो, तो वेगळा झाला १९८१ मध्ये. त्याच वर्षी कुलाब्याचा रायगड झाला. मुरूड-श्रीवर्धनचा भाग तर जंजिरा संस्थानात होता, त्याची माहिती कुलाबा-जंजिऱ्याच्या १८८३ च्या खंडात बघावी लागते. गाव मालवण तालुक्यातलं असेल आणि तुम्ही "सिंधुदुर्ग" म्हणून जुनं दप्तर मागितलंत, तर कारकून प्रामाणिकपणे "नाही" म्हणेल.

तरीचे कागद कुठे आणि कसे मागायचे

सुरुवात गॅझेटिअरपासून करा, पण शेवटचं "स्थळवर्णन" वाचून थांबू नका. सगळे तिथेच थांबतात. तरी, पूल, दीपस्तंभ, जकातीची बंदरं हे व्यापाराच्या प्रकरणात असतं. मासे उत्पादनाच्या प्रकरणात, आणि खारवी, भोई, दालदी, गाबीत हे समाज लोकसंख्येच्या प्रकरणात. चारही ठिकाणची पानं काढून एकत्र लावा. माहिती साहेबाने मामलेदाराकडून मागवलेली आहे हे लक्षात ठेवा. आकडे बऱ्यापैकी भरवशाचे, माणसांबद्दलची मतं चिमटीत धरून वाचायची.

तरींना मुंबई इलाख्यात १८६८ चा कायदा लागू होता. तरीचं उत्पन्न पुढे लोकल फंडाकडे आणि लोकल बोर्डाकडे जायचं. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, तेव्हा लोकल बोर्डाचं दप्तर त्यांच्याकडे आलं. बंदराची जागा, धक्का, जेटी हे मात्र बंदर खात्याकडे, म्हणजे १९९६ पासून महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे. एकाच तरीचे कागद त्यामुळे दोन-तीन कार्यालयांत विखुरलेले सापडतात.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज करणार असाल तर "आमच्या बंदराचा इतिहास मिळावा" असं लिहू नका. तिसाव्या दिवशी "माहिती उपलब्ध नाही" असं एका ओळीचं उत्तर येईल आणि ते चूकही म्हणता येणार नाही. कागदाचं नाव, वर्षं आणि ठिकाण लिहा: "अमुक ते तमुक तरीच्या वार्षिक लिलावाची नस्ती, मंजूर दरपत्रक व मक्तेदाराचा करारनामा, १९६२ ते १९७५". एका अर्जात पंधरा वर्षांपेक्षा जास्त मागू नये. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. प्रतींना पानामागे दोन रुपये पडतात. शक्य असेल तर आधी दप्तर पाहण्याची परवानगी मागा, कारण खरं घबाड नस्तीच्या मागच्या बाजूला टाचलेल्या तक्रार अर्जांत असतं. "मक्तेदार रात्री तर सोडत नाही", "गुरांचे जादा पैसे घेतो" अशा ओळींतून तरीवर कोण जात होतं ते कळतं. दरपत्रकात गुरं, पालखी, डोक्यावरचं ओझं यांचे वेगळे दर दिसले, तर पलीकडे बाजार, लग्नं आणि जत्रा होत्या हे न विचारता समजतं.

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक (जन्म-मृत्यूच्या नोंदी), कडई पत्रक आणि जुने फेरफार (जमिनीच्या नोंदी) बघा. भूमी अभिलेखाकडून गावचा जुना नकाशा घ्या. त्यात बंदर, मिठागर, तरीकडे जाणारी वाट दाखवलेली असेल. सातबारावरची खासगी नावं तुमच्या लिखाणात छापू नका. बंदराच्या जागेवरून आजही वाद चालू असतात, आणि इतिहास लिहायला गेलेला माणूस साक्षीदार म्हणून ओढला जातो.

पैशांचा एक सापळा इथेच सांगून ठेवू. "तरीला दोन आणे पडायचे" असं कुणी सांगितलं की लगेच "१९५७ पूर्वी" असं लिहून मोकळे होऊ नका. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली हे खरं, पण चार आणे, आठ आणे हे शब्द लोकांच्या तोंडून पुढे कितीतरी वर्षं गेले नाहीत. पंचवीस पैशांना चार आणेच म्हणत. म्हणून "नाणं कसं होतं, चौकोनी की गोल, भोकाचं होतं का" असं विचारा. भोकाचा पैसा चाळीसच्या दशकातला. तेवढ्या एका भोकाने पंधरा वर्षांचा फरक पडतो.

ओहोटीला काठ चाला

हे काम उधाणाच्या ओहोटीला करायचं, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी पुरेसं खाली जात नाही आणि निम्मा काठ झाकलेलाच राहतो. वेळ काढायला जुना हिशेब पुरतो: तिथीला पाऊण पटीने गुणा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटीचा तळ. हा हिशेब मुंबईला चपखल बसतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर भरती थोडी आधी येते आणि खाडीत जसजसं आत जाल तसतशी उशिरा. ओहोटीच्या तळाआधी तासभर पोचा आणि पाणी फिरलं की परत निघा. गाळात एकट्याने उतरू नका, सोबत गावातला माणूस हवाच.

तरीच्या जागी नेहमी दोन उतार शोधा. भरतीची तर एका जागी लागते आणि ओहोटीची दुसऱ्या, पुढच्या जागी. वरचा उतार बहुतेक दगडी पायऱ्यांचा असतो, खालचा नुसता फरशीचा किंवा खडक फोडून केलेला. खालचा न सापडल्यास तर फक्त भरतीला चालायची का, हा प्रश्न म्हाताऱ्यांना विचारायचा. उतार खाडीशी कसा तिरपा आहे तेही बघा. शिडाची किंवा वल्ह्याची तर प्रवाहाला तोंड देत तिरपी जायची, त्यामुळे समोरासमोरचे उतार क्वचितच नाकासमोर असतात.

धक्क्यावर दोर बांधायच्या कड्या, दोरीने घासून खोबण पडलेले दगड आणि भोकं पाडलेले दगडी नांगर दिसतात. नांगर उचलून घरी आणू नका. आहे तिथेच मोजा, शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या. गावातल्या दगडापेक्षा वेगळ्या जातीचे गोटे एकाच जागी ढिगाने दिसले, तर रिकाम्या गलबतांनी तोल राखायला आणलेले ते दगड असू शकतात. शाळेतल्या भूगोलाच्या बाईंना दाखवा.

मग गावातल्या छपरांकडे वळा. मंगळुरी कौलं समुद्रानेच आली. पडकं घर असेल तिथे एक कौल उलटं करा: मागच्या बाजूला कारखान्याचं नाव उमटलेलं असतं. बासेल मिशनच्या कौलावर १८६५ हे साल दिसतं आणि लोक आनंदाने "आमचं घर १८६५ चं" असं सांगतात. ते साल कारखाना सुरू झाल्याचं आहे, कौल भाजल्याचं नव्हे. त्या कौलावरून एवढंच म्हणता येतं की घराला हे छप्पर त्यानंतर कधीतरी चढलं आणि माल मंगळूरहून आला. पाच-पंचवीस घरांतल्या कौलांवरचे कारखाने मोजलेत तर बंदरात कुठून माल यायचा याचा चांगला अंदाज मिळतो.

वाड्यांची नावंही टिपा. मांडवी, पेठ, तरीची वाट, भोईवाडा, खारवीवाडा, मिठागर. मांडवी म्हणजे जकातीची आणि माल उतरवायची जागा. आज तिथे समुद्र नसेल तर किनारा किती सरकला त्याचं माप हातात आलं.

मासेमारी: काय विचारायचं, काय नाही

"पूर्वी कशी मासेमारी व्हायची?" हा वाईट प्रश्न आहे. त्याला "लई मासळी मिळायची" हे एकच उत्तर आहे. जाळं समोर ठेवून विचारा. जुनं जाळं नसेल तर आजचं ठेवा आणि "तुमच्या वडिलांच्या जाळ्यात आणि यात काय फरक?" असं म्हणा. हात आपोआप चालायला लागतात.

डोल घ्या. तोंडाला रुंद, शेपटाकडे निमुळती अशी लांबच लांब पिशवी. समुद्रात किंवा खाडीच्या तोंडाशी रोवलेल्या खुंटांना ती बांधतात. तोंड प्रवाहाकडे असतं, पाणी स्वतःच मासळी आत लोटतं. प्रवाह मंदावला की शेपूट उचलून सोडायचं आणि रिकामं करायचं. म्हणजे डोलीचं सगळं काम भरती-ओहोटीच्या ओढीवर. उधाणाला कमाई, भांगाला जाळी सुकवणं आणि विणणं. इथे विचारायचे प्रश्न: खुंट कुठल्या लाकडाचा, किती वाव पाण्यात, तो रोवायला किती माणसं आणि किती होड्या, खुंटाची जागा कुणाच्या मालकीची आणि ती बापाकडून मुलाकडे जायची का. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. समुद्रातल्या जागांचा सातबारा नसतो, पण वहिवाट असते, आणि ती फक्त तोंडी असते.

वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरची लांबी, साधारण सहा फूट. जुन्या सागरी नकाशांवरचा फॅदम तेवढाच. तांडेलाने (होडीच्या म्होरक्याने) सांगितलेली खोली आणि नकाशावरचा आकडा त्यामुळे थेट शेजारी ठेवता येतो. खाडीच्या तोंडावर वाळू किती चढली याचा इतका सोपा पुरावा दुसरा नाही.

जाळ्याच्या सुताचं विचारा. सुती आणि सणाची जाळी कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळत. कुठलं झाड, साल कुठून यायची, भांडं कुणाचं, दर किती दिवसांनी? नायलॉन साधारण १९६० नंतर पसरलं आणि हे काम एका पिढीत संपलं. सत्तरी-ऐंशी ओलांडलेली मंडळीच आता सांगू शकतील, तेव्हा क्रमात हा प्रश्न पहिला घ्या.

मग वाट्यांचा हिशेब. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा वाटा, खलाशाचा वाटा. शंभर रुपयांची मासळी गेली असं धरून समोर शंभर शेंगदाणे ठेवा आणि वाटून दाखवायला सांगा. तोंडी हिशेबात खर्च आधी वजा व्हायचा की नंतर, हे नेहमी सुटतं. शेंगदाण्यांत सुटत नाही. हेच वाटप इंजिन येण्याआधी आणि आल्यानंतर, असं दोनदा करून घ्या. इंजिनाला वाटा मिळायला लागला तेव्हा कुणाचा कमी झाला, ते तिथे दिसतं.

बायकांना वेगळ्या बसवून विचारा, पुरुषांच्या देखत नको. बाजार, उधारी, डोक्यावरच्या पाटीने किती कोस चालणं, सुकवणं आणि खारवणं, हा सगळा हिशेब त्यांच्याकडे असतो. तरीचा आणि मासळीचा इतिहास जुळतो तोही इथेच: पाटी घेऊन पहाटेच्या तरीने पलीकडे जाणारी बाई दोन्हीकडच्या नोंदीत आहे आणि कुठल्याच नोंदीत तिचं नाव नाही. मिठाबद्दल खास विचारा. इंग्रजी अमलात मिठावर कर होता, म्हणून रत्नागिरीच्या किनाऱ्यावर सरकारी देखरेखीखाली मासे खारवायची आवारं होती आणि तिथे करमुक्त मीठ मिळे. अशा आवाराची जागा गावात असेल तर मिठाच्या खात्याच्या अहवालात गावाचं नाव मिळण्याची शक्यता मोठी.

"टोपलीभर" म्हणजे किती, हे आकड्यात हवं. जुनी टोपली कुणाच्या माळ्यावर असेल तर तीत बांगडे भरून वजन करा. खंडीचं मात्र टनात रूपांतर करू नका. खंडी म्हणजे वीस मण इतकं नक्की, पण मण गावागणिक बदलायचा. "दोनशे खंडीचं गलबत" असंच लिहा.

आठवणींना खुंट

साल कुणालाच आठवत नाही, घटना आठवतात. रेवसला निघालेली रामदास बोट १७ जुलै १९४७ ला बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली २००३ मध्ये. निसर्ग वादळ ३ जून २०२०. "भूकंपाच्या वेळी तर शिडाची होती की इंजिनाची?" असं विचारलं की नेमकं उत्तर येतं.

आठवण तपासायला तिथी हाताशी आहेच. कुणी म्हणालं, "पौर्णिमेला भर दुपारी बारा वाजता तर गाळात रुतली," तर थांबा. पौर्णिमेला बाराच्या सुमारास पाणी चढलेलं असतं. दिवस तरी वेगळा असेल, वेळ तरी, नाहीतर गोष्ट दुसऱ्याची उसनी. तोंडावर खोटं पाडू नका, वहीत समासात खूण करा आणि तीच गोष्ट दुसऱ्या वाडीत विचारा.

मासेमारी बंदीचाही असाच घोळ होतो. १ जून ते ३१ जुलै ही बंदी सरकारी आहे. नारळी पौर्णिमेला नारळ देऊन होड्या लोटणं ही त्याहून कितीतरी जुनी रीत. दोन्हींच्या तारखा दरवर्षी जुळत नाहीत. म्हातारा माणूस "बंदी" म्हणतो तेव्हा कुठली, ते विचारून घ्या.

मासळी का घटली यावर प्रत्येकाचं ठाम मत असतं. दाभोळच्या खाडीत १९६० च्या दशकापासून कोयना प्रकल्पाचं अवजल (वीज करून सोडलेलं पाणी) पोफळीहून वाशिष्ठीत येतं, त्यानंतर खाडीकाठी कारखाने आले, गाळ चढला, मोठ्या यांत्रिक नौका वाढल्या. कुठली जात कुठल्या वर्षांत दिसेनाशी झाली याची यादी आधी करा. कारण त्यानंतर शोधा. आकड्यांसाठी केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या १९८०, २००५ आणि २०१० च्या गणना पाहा, शिवाय मच्छिमार सोसायटीची इतिवृत्तं. सोसायटीच्या कर्जाच्या यादीत गावातलं पहिलं इंजिन कुठल्या वर्षी आलं ते हमखास मिळतं.

आगबोट आणि त्याआधीचं

आगबोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर नांगर टाकायची आणि पडाव (लहान होड्या) माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या घेऊन ये-जा करायचे. हर्णै, दाभोळ, जयगड अशी बंदरं घेत ती खाली गोव्याकडे जाई, आणि पावसाळ्यात बंद. पडाव कुणाचे होते, त्यावरचे खलाशी एरवी मासेमारी करत का, हे विचारायला विसरू नका. तरीचे आणि मासेमारीचे लोक एकाच होडीत दिसतात ते इथे.

त्याआधीच्या काळाला गावच्या आठवणी पुरत नाहीत. दाभोळपुरतं सांगायचं तर पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफानासी निकितिन इथूनच परत निघाला, आणि १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने हे बंदर जाळलं. एवढं पुस्तकांतून मिळतं. मराठेशाहीतल्या जकातीसाठी पुण्याचं पुराभिलेखागार गाठावं लागतं, कंपनी आणि इंग्रज अमलासाठी मुंबईचं, काळाघोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं. मोडी येत नसेल तर वाचणारा माणूस सोबत न्या. नुसते फोटो काढून आणलेले रुमाल (कागदांचे गठ्ठे) घरी पडून राहतात.

सालांचं रूपांतर: शकात ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या तारखांना ७९. सुहूर सनात (मराठेशाहीच्या कागदांतलं साल) ५९९, आणि जानेवारी ते मृगापर्यंतच्या तारखांना ६००. मूळ साल नेहमी शेजारी लिहून ठेवा, म्हणजे चूक झाली तरी दुरुस्त करता येते.

मांडणी

शेवटी एक तक्ता करा. रकाने चार: साल, घटना, कशावरून, किती खात्री. "कशावरून" मध्ये कागद, वस्तू की माणूस, ते लिहा. दोन वेगळ्या जातींचे पुरावे जुळले तरच खात्रीच्या रकान्यात "पक्की". एकाच माणसाचं ऐकून दहाजणांनी सांगितलेली गोष्ट एकच पुरावा धरायची. तक्त्यात तरीचे आणि मासळीचे प्रसंग वेगळ्या शाईने लिहा. दोन्ही शाया एका सालाजवळ दाटल्या तर तिथे काहीतरी घडलंय. रस्ता झाला, पूल झाला, आगबोट बंद पडली किंवा इंजिन आलं. पुढचे प्रश्न तिथूनच विचारायचे.

ध्वनिमुद्रणं बोलणाऱ्याच्या परवानगीने करा आणि मुद्रणाच्या सुरुवातीला तारीख, वाडी आणि परवानगी तोंडी बोलून घ्या. तीन प्रती: एक तुमच्याकडे, एक ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या कपाटात, एक ज्याने सांगितलं त्याच्या घरी. तिसरी प्रत देताना ती त्यांना वाचून दाखवा. चार चुका तिथेच निघतात, आणि बहुतेक वेळा एक नवीन गोष्टही.